खारजमिनीत इंधनासाठी तेलझाडे लावावीत का?

कळव्याला राहणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. भिवंडी तालुक्यात उल्हासच्या खाडीकाठी त्यांची वडिलोपार्जित साडेतीन एकर भातशेती आहे. बांधाला खांड पडून भरतीचे पाणी आत शिरू लागल्यापासून ती सात-आठ वर्षे पडीक आहे. आता एका कंपनीचे प्रतिनिधी त्यांच्याकडे येऊन गेले. त्यांचे म्हणणे असे की, मोगली एरंड आणि करंज ही झाडे खारही सोसतात आणि कोरडही सोसतात, उलट ताण बसला की बियांतले तेल वाढते. शिवाय नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यामुळे विमानांच्या जैवइंधनाला इथल्या इथेच गिऱ्हाईक मिळणार आहे. रोपे कंपनीकडूनच विकत घ्यायची आणि पुढची पंधरा वर्षे बिया कंपनीलाच द्यायच्या, असा करार आहे. तो करावा का?

करू नये, हे माझे उत्तर आरंभीच सांगून टाकतो. झाडाने ताणात तग धरणे आणि त्याच झाडाने ताणात भरघोस तेल देणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि प्रतिनिधींनी पहिल्या गोष्टीचे पुरावे दाखवून दुसरी गोष्ट आपल्या गळी उतरवलेली आहे. वनस्पतींच्या शरीरक्रियाशास्त्रात, विशेषतः क्षार आणि पाणथळपणा यांचा पिकांवर होणारा परिणाम अभ्यासण्यात, माझी तीसेक वर्षे गेली आहेत, आणि हा गोंधळ मी शेतकऱ्यांच्या बैठकांत जितका पाहिला तितकाच प्रकल्प-प्रस्तावांतही पाहिला आहे.

प्रथम "ताणाने तेल वाढते" या विधानाकडे पाहू, कारण ते सर्वस्वी खोटे नाही आणि म्हणूनच फसवे आहे. त्याचे मूळ सूक्ष्म शैवालांत आहे. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने १९७८ ते १९९६ या काळात शैवालांपासून इंधन मिळवण्याचा मोठा कार्यक्रम चालवला होता. त्यात असे स्पष्ट दिसले की, कित्येक जातींच्या शैवालांना नत्र तोडले की त्यांच्या पेशींत तेलाचे थेंब साठू लागतात. प्रथिने बनवायला नत्र नाही, प्रकाश मात्र येतच आहे, तेव्हा हातात आलेला कार्बन पेशी तेलाच्या रूपाने बाजूला टाकते. पण नत्राअभावी त्या पेशींची वाढ आणि विभाजनही थांबते. तेलाचे प्रमाण शेकडा २० वरून ४० झाले आणि वाढ पाव हिश्श्यावर आली, तर टाकीतून हाती येणारे एकूण तेल निम्मे होते. जाहिरातीत पहिला आकडा छापतात आणि दुसरा गाळतात.

जमिनीवरच्या झाडांतही असेच काहीसे घडते, पण ते पानांत. कोरड, उष्णता किंवा थंडी यांच्या माऱ्यात हरितलवकांच्या पटलांतील स्निग्ध द्रव्ये मोडतात, आणि त्यांतून सुटलेली स्निग्धाम्ले मोकळी राहून पेशीला इजा करू नयेत म्हणून पान ती तात्पुरती तेलाच्या रूपात बांधून ठेवते. हे तेल अत्यल्प असते आणि ते घाण्यात घालता येत नाही. बीमध्ये मात्र चित्र बहुधा उलटे असते. फुलोऱ्याच्या वेळी ताण बसला तर बियांची संख्या घटते, आणि दाणा भरताना बसला तर दाणा लहान राहतो व त्यातील तेलाचा अंशही सहसा उतरतो. याचे कारण हिशेबाचे आहे. पेनिंग द फ्रीस या डच शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात मांडलेले गणित आजही वापरात आहे: एक ग्रॅम ग्लुकोजपासून वनस्पती सुमारे ०.८३ ग्रॅम पिष्ट बनवू शकते, पण तेल मात्र केवळ ०.३३ ग्रॅमच्या आसपास. तेल ही झाडाची सर्वांत महागडी ठेव आहे. ज्या झाडाची पानरंध्रे दुपारभर मिटलेली आहेत आणि मिळेल ती साखर मुळांतून सोडियम बाहेर ढकलण्यात आणि पेशींत पाणी धरून ठेवणारी प्रोलीनसारखी द्रव्ये बनवण्यात खर्च होत आहे, त्या झाडाने ठेवीत भर घालावी अशी अपेक्षा आपण कोणत्या हिशेबाने करणार?

तापमानाचा परिणाम आणखी निराळा आहे. तेलातील ओलेइक आम्लाचे लिनोलेइक आम्लात रूपांतर करणारे विकर (एन्झाइम) उष्णतेत मंदावते, त्यामुळे सूर्यफुलासारख्या पिकात दाणा भरताना हवा गरम असली तर ओलेइकचा अंश वाढतो. इंधनाच्या दृष्टीने ते चांगलेच, कारण असे तेल हवेत लवकर खराब होत नाही. "ताणात तेल सुधारते" असे जे म्हटले जाते त्यात एवढेच तथ्य आहे. तेलाचा पोत बदलतो, पिंप काही त्यामुळे भरत नाही.

आता आपल्या जमिनीकडे वळतो, कारण या प्रश्नाचे खरे मर्म तिथे आहे.

खार सोसण्याचे दोन टप्पे असतात. मातीत क्षार वाढले की पहिल्याच दिवसापासून मुळांना पाणी ओढणे जड जाते. हा एक प्रकारचा दुष्काळच, फक्त ओल्या मातीतला. पुढे काही आठवड्यांनी सोडियम आणि क्लोराइड जुन्या पानांत साठून ती कडांकडून करपू लागतात. झाडाकडे यावर तीन उपाय असतात: सोडियम मुळाशीच अडवणे, आत आलेला पुन्हा बाहेर टाकणे, किंवा पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे पाण्याच्या पिशवीत, कोंडून ठेवणे. यांपैकी तिसऱ्या उपायावर एडुआर्डो ब्लुमवाल्ड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मोहरीवर्गीय कॅनोलाचा एक गाजलेला प्रयोग प्रसिद्ध केला. सोडियम रिक्तिकेत ढकलणारे एकच जनुक वाढीव प्रमाणात घातल्यावर समुद्राच्या पाण्याच्या साधारण एक-तृतीयांश खारट द्रावणात त्या झाडांनी बी धरले आणि तेलाचा दर्जाही टिकवला. मी स्वतः तेव्हा फार हुरळून गेलो होतो. पण ती हरितगृहातली झाडे होती आणि त्यांच्या मुळांना प्राणवायूची वाण नव्हती.

आपल्या खारीत नेमकी तीच वाण असते. गुजरातच्या कोरड्या किनाऱ्यावरची खारजमीन आणि ठाण्याच्या खाडीकाठची खारजमीन यांना एकाच नावाने ओळखणे ही मोठी चूक आहे. आपल्याकडे चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलैत आपल्या खाचरात गुडघाभर पाणी असेल आणि ते बरेचसे गोडे असेल; नोव्हेंबरपासून ती चिकण माती वाळू लागेल, खालचे खारे पाणी केशाकर्षणाने वर चढेल आणि मे महिन्यात पृष्ठभागावर पांढरा थर दिसेल. झाडाला एकाच वर्षात दोन विरुद्ध टोके सोसायची आहेत. त्यातही ती एकमेकांत मिसळली की स्थिती फारच बिकट होते. सोडियम बाहेर फेकायला ऊर्जा लागते, ती मुळांच्या श्वसनातून येते आणि श्वसनाला प्राणवायू लागतो. पाणी तुंबून प्राणवायू संपला की मुळातले पंप बंद पडतात आणि एरवी जे झाड सोडियम अडवू शकले असते तेच तो सर्रास आत घेऊ लागते. भरतीचे पाणी साचून राहिलेल्या खाचरात झाडे आठ-पंधरा दिवसांत कोलमडतात ती यामुळे.

मोगली एरंड ऊर्फ चंद्रज्योत या कसोटीवर पहिल्याच पावसाळ्यात नापास होतो. हे झाड मूळचे मध्य अमेरिकेतले. त्याचे खोड मांसल, कोरड पडली की पाने झाडून स्वस्थ बसणारे. दुष्काळ ते उत्तम सोसते यात वाद नाही, पण पाय ओले राहिलेले त्याला मुळीच चालत नाहीत. नियोजन आयोगाच्या समितीने २००३ मध्ये याच झाडावर भिस्त ठेवून २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये शेकडा २० जैवडिझेल मिसळण्याचे स्वप्न मांडले, आणि त्यापुढच्या काही वर्षांत देशभर पडीक जमिनींवर त्याची लागवड झाली. मुरबाडकडच्या एका माळावर २००७ च्या सुमारास अशीच एक लागवड मला दाखवण्यात आली होती. रोपे पुरवणाऱ्यांनी तिसऱ्या वर्षी झाडामागे दोन-तीन किलो बी येईल असे सांगितले होते. चौथ्या वर्षी मी गेलो तेव्हा झाडे डोक्याच्या वर गेलेली, हिरवीगार होती आणि बी विचाराल तर झाडामागे दोन-तीन मुठी. सखल कोपऱ्यातली झाडे बुंध्याशी कुजून आधीच गेलेली होती. मालकाने मला विचारले, "साहेब, झाड एवढं चांगलं दिसतंय, मग फळ का नाही?" आमच्या कोकणच्या पावसात ते झाड पाला वाढवण्यातच रमले होते, हे एक कारण. दुसरे असे की, या झाडाच्या फुलोऱ्यात एका मादी फुलामागे वीस-पंचवीस नरफुले असणे सामान्य आहे, आणि भारतातल्या झाडांत जनुकीय विविधता इतकी तोकडी आहे की, भातात किंवा भुईमुगात जशी निवड करता आली तशी इथे करायला मुळात फारसा मालच नव्हता. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उत्परिवर्तनाच्या मार्गाने भुईमुगाचे टीएजी-२४ सारखे वाण काढले त्यामागे पिढ्यान्‌पिढ्या लागवडीत असलेले पीक होते. मोगली एरंड हे पीक म्हणून कधी घडवलेच गेले नव्हते. आणि त्याच्या बिया विषारी आहेत, मुले शेंगदाणे समजून खातात, हेही वस्तीजवळच्या जमिनीत विसरता येत नाही.

करंजाची गोष्ट वेगळी आहे, आणि प्रतिनिधींच्या बोलण्यात खरे काही असेल तर ते करंजाबाबत. हे आपलेच झाड. ठाण्यात आणि नवी मुंबईत रस्त्याकडेला ते उभे आहे, आणि खाडीच्या कडेला, तिवरांच्या मागच्या ओळीत, ते आपसूक उगवलेलेही दिसते. त्याची शेंग पाण्यावर तरंगत जाऊन रुजते. पाणी तुंबले की खोडावरची श्वसनछिद्रे फुगतात आणि पाण्याच्या रेषेजवळ नवी मुळे फुटतात. शिंबावर्गीय असल्यामुळे मुळांवरच्या गाठींतून ते नत्रही मिळवते, मात्र क्षार वाढले की झाडाच्या आधी या गाठींनाच फटका बसतो. बियांत साधारण शेकडा ३० ते ३५ तेल आणि त्यातले जवळजवळ निम्मे ओलेइक आम्ल, म्हणजे जैवडिझेलसाठी उत्तम मेळ. अडचण अशी की, परपरागणामुळे प्रत्येक रोप निराळे निघते. शेजारी शेजारी उभ्या दोन झाडांपैकी एक शेंगांनी लगडलेले आणि दुसरे जवळजवळ वांझ असे मी ऐरोलीत रोज फिरायला जाताना पाहतो. बियांपासून केलेली रोपे घेऊन पंधरा वर्षांचा करार करणे म्हणजे सोडतीचे तिकीट घेण्यासारखे आहे. चांगल्या, अनेक वर्षे पाहिलेल्या झाडावरून केलेली कलमे मिळत असतील तरच विचार करावा, आणि प्रतिनिधींच्या कागदांत कलमांचा उल्लेख नाही असे आपण लिहिले आहे.

उंडीबद्दल आपण विचारले नाही, पण कोकणच्या किनाऱ्यावर दिव्यांना आणि होड्यांना लागणारे कडू तेल तिचेच, म्हणून दोन शब्द. तिच्या मगजात तेल शेकडा ६० च्याही वर असते. तिला मात्र निचऱ्याची, रेताड पुळणीची जमीन मानवते, आपल्यासारखी चिकण खार नव्हे, आणि फळाला सात-आठ वर्षे तरी थांबावे लागते. पिलूचे झुडूप कमालीचा खार सोसते, परंतु ते कोरड्या प्रदेशातले आहे. समुद्राच्या पाण्यावर वाढणारी सॅलिकॉर्निया नावाची मांसल वनस्पती आहे. तिच्या बियांपासून केलेले इंधन मिसळून जानेवारी २०१९ मध्ये अबू धाबीहून ॲम्स्टरडॅमला प्रवासी विमान गेले. ती बातमी खरी आहे. पण तिथे सपाट वाळवंट आहे, वर्षभर ऊन आहे आणि मत्स्यशेतीचे सांडपाणी तिला खत म्हणून मिळते. आपल्या जुलैत ती बी धरणार नाही.

आता साडेतीन एकरांचे गणित मांडू. सहा बाय सहा मीटरवर करंज लावला तर एकरी ११० च्या आसपास झाडे बसतात. सगळी जगली आणि दहाव्या वर्षी झाडामागे दहा किलो बी आले असे उदारपणे धरून चाला. अकराशे किलो बी होते. साध्या घाण्यातून शेकडा २५ ते २७ तेल निघते, म्हणजे एकरी पावणेतीनशे ते तीनशे किलो, लिटरमध्ये तीनशेच्या थोडे पुढे-मागे. भिवंडीच्या गोदामातून नाशिकला जाऊन येणारा ट्रक लिटरला चार किलोमीटर देत असेल तर त्याच्या साधारण चार फेऱ्यांचे हे इंधन, तेही वर्षाचे, एका एकराचे आणि दहाव्या वर्षी. या तेलाला इंधनाच्या भावात विकण्यापेक्षा करंजतेल फवारणीसाठी आणि पेंड खत म्हणून सेंद्रिय शेती करणाऱ्यांना विकणे बहुधा अधिक लाभाचे ठरेल. ते तेल घरी जैवडिझेल करण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. त्यासाठी लागणारे मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही आहे, आणि आपल्या दमट हवेत बिया पावसाळाभर साठवल्या तर तेलातली मुक्त स्निग्धाम्ले वाढून रासायनिक क्रियेत इंधनाऐवजी साबण तयार होतो.

विमानतळाच्या मागणीबद्दलही स्पष्ट लिहितो. मागणी येणार आहे. केंद्र सरकारने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये शेकडा १, २०२८ मध्ये २ आणि २०३० मध्ये ५ असे मिश्रणाचे लक्ष्य ठेवले आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने मोगली एरंडाच्या तेलापासून बनवलेले इंधन शेकडा २५ मिसळून डेहराडून ते दिल्ली विमान उडाले, तेव्हा तंत्राचा प्रश्नही उरलेला नाही. पण हायड्रोजन वापरून तेलाचे विमान-इंधन करणाऱ्या कारखान्याला तेल करंजाचे की तळणाचे याने फारसा फरक पडत नाही, त्याला ते स्वस्त आणि टँकर भरून हवे असते. आणि ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात तसे तेल आधीच आहे: फरसाणाच्या भट्ट्या, वडापावच्या गाड्या, उपाहारगृहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून ध्रुवीय संयुगे (तेल पुन्हापुन्हा तापवल्याने त्यात साठणारी द्रव्ये) शेकडा २५ च्या वर गेलेले तळणाचे तेल खाण्यासाठी वापरायला मनाई केली आहे आणि ते गोळा करून जैवडिझेलकडे वळवण्याची योजनाही आखली आहे. माझ्या मते या जिल्ह्यातले सर्वांत भरवशाचे तेलपीक कढईत आहे. त्याच्याशी भावात स्पर्धा करायला आपली साडेतीन एकर खार उतरवू नये. २०१८ च्या राष्ट्रीय धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये शेकडा ५ जैवडिझेलचे लक्ष्य असूनही प्रत्यक्ष मिश्रण त्यानंतर अनेक वर्षे १ टक्क्याच्याही खाली राहिले, ते झाडे नव्हती म्हणून नव्हे, तर परवडणारे तेल नव्हते म्हणून.

मग जमिनीचे करायचे काय? सर्वांत आधी एक गोष्ट पाहावी. सात-आठ वर्षे भरतीचे पाणी आत येत असेल तर खाचरात तिवरे उगवली असण्याचा दाट संभव आहे. तशी असतील तर जमीन खासगी असली तरी त्यांना हात लावता येणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने तिवरे आणि त्यांच्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टा संरक्षित आहे. तिवरे काढून करंज लावण्याचा सल्ला कोणी देत असेल तर त्याला दाराबाहेरच ठेवावे. जेवढी जमीन यातून मोकळी राहील तेवढ्यासाठी बांधाची खांड बुजवणे आणि उघाडी, म्हणजे भरतीला मिटणारे आणि ओहोटीला पाणी बाहेर सोडणारे बांधातले दार, पुन्हा चालू करणे हे पहिले काम आहे, आणि ते एकट्याचे नाही, बांधाखालच्या सगळ्या खातेदारांचे आहे. खारभूमी विकासाच्या सरकारी कार्यालयात सामूहिक अर्ज करावा. भरतीचे पाणी थांबले की आपला पाऊसच दोन-तीन वर्षांत वरच्या थरातला बराच क्षार धुऊन नेतो, आणि मग पूर्वी जे पीक तिथे येत होते तेच पुन्हा घेता येते. खारीचे भात आपल्या पूर्वजांनी निवडून ठेवलेले आहे, काळा राता आणि भुरा राता ही नावे घरातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असतील. आणि पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राचे पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ हे वाण त्याच पाणथळ आणि खाऱ्या जमिनीसाठी काढलेले आहेत. करंज लावायचाच असेल तर बांधाच्या आतल्या बाजूला आणि उंचवट्यावर, एका ओळीत, वीस-पंचवीस कलमे लावावीत. भुईमुगाच्या वाटेला जाऊ नये. संपृक्त (पाण्याने पुरती भिजवलेल्या) मातीच्या अर्काची विद्युतवाहकता, म्हणजे क्षाराचे माप, मीटरला ३.२ डेसिसायमनच्या वर गेली की त्याचे उत्पन्न फार झपाट्याने घसरते, आणि मातीला खारी म्हणण्याची रेघच मुळी ४ वर आहे.

माती तपासताना एक खबरदारी घ्यावी, कारण इथे पुष्कळांची फसगत होते. बहुतेक प्रयोगशाळा मातीत अडीचपट पाणी घालून वाहकता मोजतात. तो आकडा पाण्यामुळे विरळ झालेला असतो आणि संपृक्त अर्काच्या आकड्यापेक्षा बराच कमी दिसतो. पिकांच्या सहनशक्तीचे कोष्टक मात्र संपृक्त अर्कावर आधारलेले असते, तेव्हा नमुना देतानाच कोणत्या पद्धतीने मोजणार ते विचारून घ्यावे. नमुने एकदा मे महिन्यात आणि एकदा भात कापणीच्या सुमारास घ्यावेत, प्रत्येक वेळी ० ते १५, १५ ते ३० आणि ३० ते ६० सेंटिमीटर अशा तीन थरांचे, आणि खांडीजवळचे व दूरचे वेगवेगळ्या पिशव्यांत. दोन्ही हंगामांचे आकडे हाती आले की ते मला पाठवावेत. खाचराच्या कोणत्या भागात भात आणि कोणत्या उंचवट्यावर करंज हे तेव्हा नेमके सांगता येईल.